नंबर परत दे

चाटी गल्लीच्या तोंडाशी आमचं दुकान.
चादर, टॉवेल, नॅपकिन, दुपटी.
गल्ल्याची किल्ली मालकाच्या करगोट्याला,
माझ्या हातात की-बोर्ड
आणि तोंडात दिवसभर एकच वाक्य:
मोबाइल नंबर सांगा.

लोक सांगतात. पाढे म्हटल्यासारखे मोठ्यानं.
मागची रांग ऐकते, हमाल ऐकतो,
दारातला शेंगाचटणीवाला ऐकतो.
एकानंही आजवर विचारलं नाही
की टॉवेल फोन करणार आहे का मला.

मल्लेशम मामा साखर पेठेत जेकार्डची कार्डं पाडायचा.
पुठ्ठ्याला भोक, म्हणजे धागा वर.
भोक नाही, धागा खाली.
अशा हजारभर पुठ्ठ्यांत एक मोर मावायचा.
रात्री ती माळ ट्रंकेत घालून
मामा ट्रंकेवरच अंग टाकायचा.
चादर चोरली तर चादर जाते, म्हणायचा,
कार्ड चोरलं की मोरच गेला.
मला हसू यायचं.
भोकांना कुणी कुलूप लावतं का?

दिवाळीच्या गर्दीत हुरमतबी आली,
विडी घरकुलातून, दोन रिक्षा बदलून.
सुनेला आठवा.
चार दुपटी निवडली, उजेडात धरून,
तंबाखूनं पिवळ्या झालेल्या बोटांनी काठ चाचपत.
नंबर सुनेचा दिला.
मशीन विचारतं म्हणून मी तारीखही विचारली, बाळंतपणाची.
दहा टक्के सूट असते.
तिनं सांगितली, पदराआड हसून.

गड्डा भरला. होम मैदानावर पाळणे उभे राहिले
आणि ती परत आली.
पिशवीत चारही दुपटी, घडी न मोडलेली.
विकलेला माल परत घेतला जाणार नाही
हे बिलावर छापलेलंच आहे, मी बोट ठेवलं.
"दुपटी राहू दे गं," ती म्हणाली. "नंबर परत दे."
फोन पुढं केला.
अभिनंदन! तुमचं बाळ आज चाळीस दिवसांचं झालं!
खाली हसरा खुळखुळा
आणि कुठल्याशा क्रीमची किंमत.

"रोज येतंय. सून वाचती, आत जाती.
मी विड्या वळत बसते."

मालकाला विचारलं, यादी कुणाला दिली?
एकालाच, म्हणाला.
त्यानं कितीजणांना दिली
ते त्याला विचार की.

पेपरात आलंय, दिल्लीत कायद्याचा मसुदा निघालाय.
संमतीशिवाय माहिती घ्यायची नाही.
सांगितलं तर पुसायची.
जेवणाच्या सुट्टीत कडक भाकरी मोडत मोडत वाचला,
अडखळत, अख्खा.
सूत चांगलं आहे. वीणही बरी वाटते.
पण मी मामाची भाची, आधी भोकं मोजते.
"वगळून."
"अन्यथा."
"शासनास आवश्यक वाटल्यास."
तिथं तिथं धागा खाली जातो
आणि चादरीतून पलीकडचं दिसतं.
साहेब, ही कुणासाठी विणताय?
पांघरणाऱ्यासाठी, की
कुणाच्या तरी करणीवर पांघरूण घालायला?

हरकती-सूचना मागवल्या होत्या. मी एकच लिहिली:
पुसणे म्हणजे काय, ते नीट लिहा,
विडी वळताना ऐकलं तरी कळेल असं.
पाठवायला गेले तर फॉर्म म्हणाला,
आधी मोबाइल नंबर टाका.

टाकला.

तेव्हापासून सवयच लागलीय.
गिऱ्हाईक तोंड उघडतं, मी हात वर करते, राहू द्या म्हणते,
आणि माझाच नंबर ठोकते.
मालकाला अजून पत्ता नाही.
आता कुणाचे दात येतायत, कुणाचं कर्ज मंजूर,
कुणाच्या गुडघ्याला कुठलं तेल,
सगळं माझ्याकडं येतं.
रात्री उशाखाली थरथर चालूच असते.
मी चादर डोक्यावरून घेते.
मामाच्या कार्डावरची आहे, मोराची.
एका डोळ्यात टाका चुकलेला.
चुकला नव्हता. त्यानं मुद्दाम सोडला होता,
कुणी नक्कल केली तर आपला मोर
आपल्याला ओळखू यावा म्हणून.